कानसेनांची टर्बो

बस डेपोच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लोक साधारणपणे मिस्त्री म्हणतात, फारच आदर असला तर साहेब. यांना मात्र अख्खा डेपो कानसेन म्हणायचा आणि पुढे कॉलनीही तेच म्हणू लागली. नाव कोणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना पाठ आहे. कँटीनमध्ये कपबशी हातात धरून बसलेला हा गृहस्थ फाटकातून आत शिरणाऱ्या बसकडे मान वळवूनही न बघता म्हणायचा, "हिच्या वॉटर पंपाचं बेअरिंग जायला आलंय." ड्रायव्हर हसायचा. काही दिवसांनी तीच बस कुठल्यातरी चौकात वाफा सोडत उभी राहायची आणि मग हसायची पाळी कानसेनांची. ती त्यांनी कधी वाया घालवली नाही.

या कानाचा घरच्यांना तापही भरपूर होता. एकदा सिनेमा ऐन रंगात आला असताना कानसेन खुर्चीतून उठले आणि वर जाऊन प्रोजेक्टरवाल्याला सांगून आले की, बाबा रे, तुझ्या पंख्याचा पट्टा सरकतोय. ते परत येईपर्यंत नायिका मरून गेली होती आणि शेजारी बायकोचा रुमाल चिंब झाला होता. त्यानंतर ती त्यांच्याबरोबर सिनेमाला म्हणून गेली नाही.

ही बायको म्हणजे शिवणबाई. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, खोलीभर कापडाचे तागे, आणि पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही. तिची टेप सरळ आणि जीभही सरळ. "या रंगाचे पडदे लावलेत तर तुमची खोली दवाखान्यासारखी दिसेल," हे ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक रागावून जायचं आणि दुसरा रंग घेऊन परत यायचं. शिवणबाई खोटं बोलत नाही, ही गोष्ट लोक गृहीतच धरून चालत.

निवृत्तीनंतर कानसेनांचा रविवार ठरलेला. घरापुढच्या फरसबंदीवर ते खुर्ची टाकून बसायचे आणि कॉलनीतले, कॉलनीबाहेरचे लोक गाड्या घेऊन यायचे. बॉनेट उघडायचं, गाडीला रेस द्यायला लावायची, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने निकाल. "टॅपेट सैल आहेत. गॅरेजवाल्याला सांग, बाकी काही काढू नकोस." मोबदला काही नाही. उलट आलेल्याला चहा मिळायचा, तोही शिवणबाईने हातातलं शिवण टाकून केलेला. तिच्या मते हा धंदा तोट्याचा होता, पण नवरा आठवड्यातून एक दिवस फुलून येतो म्हटल्यावर तिनेही कधी कुरकुर केली नाही.

आणि नेमका हाच कान दगा देऊ लागला.

कानसेनांना त्याचा पत्ता लागला तो भिंतीवरच्या घड्याळामुळे. त्याची टिकटिक बंद पडली म्हणून त्यांनी सेल बदलला. तरी टिकटिक नाही. दुकानदाराला चार शब्द सुनावून दुसरा सेल आणला. तोही गप्प. मग खुर्चीवर चढून ते घड्याळाच्या तोंडाला तोंड लावून उभे राहिले, तेव्हा दिसलं की काटा मजेत पुढे सरकतोय. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. आधीपासूनच दाखवत असणार. कानसेन खाली उतरले, खुर्ची जागेवर ठेवली आणि कुणाला एक अक्षर बोलले नाहीत.

जाड आवाज सगळे शाबूत होते. माणसांचं बोलणं, दार आपटणं, ट्रकचा भोंगा, काही अडत नव्हतं. गेले होते ते बारीक, टोकदार आवाज. पण कानसेनांची सगळी अब्रू त्या बारीक आवाजांतच होती. रविवारी ते वेळ मारून नेऊ लागले. पेचकसाची थरथर हाताला कळायची, तेलाचा वास नाकाला कळायचा, आणि उरलेलं ते गोड बोलून गिऱ्हाइकाकडूनच काढून घ्यायचे. "तुम्हाला काय वाटतं, कसा आवाज येतो?" असं विचारायचे, जणू त्याची परीक्षाच घेतायत. तो सांगायचा, हे डोळे मिटून "हं" म्हणायचे. निकाल बहुतेक वेळा बरोबर यायचा. पण दर रविवारी खुर्ची बाहेर टाकताना एकच विचार मनात यायचा. हा कान गेला असं एकदा लोकांना कळलं की मग आपण कोण? पेन्शन खाणारा एक म्हातारा. कॉलनीत तसे पुष्कळ होते.

अशा दिवसांत त्यांनी गाडी घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, स्वतःची कधी नव्हती. घेतली ती जुनीच, पण टर्बोवाली. छोटं इंजिन आणि अंगात मस्ती. पहिल्याच दिवशी सिग्नल सुटल्यावर ती अशी काही उसळली की शिवणबाईने डॅशबोर्डला हात टेकला आणि म्हणाली, "अहो, ही गाडी आपल्या वयाची नाही." त्या बोलण्याने कानसेनांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

या गाडीत ते प्रीमियम पेट्रोलच घालायचे. त्यावरून घरात रोज वाजायचं, म्हणजे वाजवायचा मेहुणा. शिवणबाईचा हा धाकटा भाऊ फरशीचा दुकानदार. माणूस मनाने चांगला, पण दुसऱ्याची टोपी उडवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. स्वतःच्या दुकानात तो एकच फरशी दोन निरनिराळ्या खोक्यांतून विकायचा, एका खोक्यावर नुसतं नाव आणि दुसऱ्यावर सोनेरी पट्टी. त्यामुळे जगात सगळीकडे हेच चालतं अशी त्याची खात्री होती.

"पेट्रोल ते पेट्रोल, भाऊजी," तो म्हणायचा. "पंपावर नळ्या दोन, पण जमिनीखाली टाकी एकच असणार. मला नका सांगू."

"तुझ्या दुकानातली गोष्ट नाही ही," कानसेन म्हणायचे आणि हाताची मूठ पुढे धरून शिकवायला बसायचे. "टर्बो म्हणजे काय? बाहेर निघालेल्या धुराच्या जोरावर एक चक्री फिरते आणि ती इंजिनात हवा कोंबते. साध्या इंजिनाला मिळेल तेवढी हवा गोड मानून घ्यावी लागते. याला दामटून भरवतात. हवा दाबली की तापते. आणि फार तापली की साध्या पेट्रोलला दम निघत नाही. ठिणगीची वाटच बघत नाही ते, आपलं आपणच पेटतं. पिस्टन वर येतोय आणि वरून तडाखा! त्याचा आवाज होतो, टक टक टक. त्याला ठोका म्हणतात. प्रीमियमला धीर असतो, ते ठिणगीसाठी थांबतं. एवढाच काय तो फरक."

"म्हणजे जोर वाढत नाही?"

"पेट्रोलमुळे नाही वाढत. साध्या गाडीत प्रीमियम घालणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. पण ही टर्बो आहे."

"आणि गाडीच्या पुस्तकात छापलंय ते? साधं चालेल म्हणून?"

"पुढचं वाक्य वाच. चढ, ओझं आणि ऊन असेल तर प्रीमियम घाला."

"'घातल्यास बरे' असं आहे, 'घाला' असं नाही. मी तीनदा वाचलंय."

शिवणबाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "दोघांनी मिळून ते पुस्तक फाडून अर्धं अर्धं का घेत नाही?"

कानसेनांचं एकूण एक म्हणणं खरं होतं. फक्त त्यांच्या हट्टाचं कारण ते नव्हतं. गावातल्या सपाट रस्त्यावर ही गाडी साध्या पेट्रोलवर सुरळीत चालली असती हे त्यांनाही ठाऊक होतं. पण एखाद दिवशी चढ लागेल, गाडीत माणसं असतील, इंजिन ठोका देईल, आणि तो बारीक टोकदार आवाज गाडीतल्या सगळ्यांना ऐकू येईल, फक्त कानसेनांना येणार नाही. ते स्टीअरिंग धरून मजेत बसलेले आणि मागून कोणीतरी विचारणार, अहो, हे काय वाजतंय? त्या प्रश्नाच्या भीतीने ते प्रीमियम भरत होते. ठोकाच झाला नाही तर तो ऐकू आला नाही असं कोण म्हणणार?

अशात त्यांच्या मुलीने डोंगरावरच्या वस्तीत नवं घर भाड्याने घेतलं. तिथल्या शाळेत तिला नोकरी लागली होती. शिवणबाईने सगळ्या खिडक्यांचे पडदे शिवले आणि आपलं जुनं लोखंडी मशीनही मुलीला द्यायचं ठरवलं. मशीन उचलायला दुसरा गडी हवा म्हणून मेहुणा येणार होता. आदल्या दिवशी दुपारी तो कानसेनांची गाडी घेऊन पडद्याच्या दांड्या आणायला गेला आणि परत आला तो किल्ली बोटावर गरगर फिरवत.

"टाकी पूर्ण भरून आणलीय, भाऊजी. साधं. गळ्यापर्यंत साधं. उद्या बघू तुमच्या टर्बोबाईंचे नखरे."

कानसेनांच्या पायाखालची जमीन सरकली. वरवर ते "ठीक आहे" म्हणाले. थोड्या वेळाने शिवणबाई अंगणात आली तर हे हातात रबरी नळी घेऊन पेट्रोलच्या टाकीपाशी उभे.

"अहो, नळी घेऊन काय करताय?"

"झाडांना पाणी घालतोय."

"गाडीच्या झाडांना?"

मग झाडांना पाणी घालणं आलं. शिवणबाई पायरीवर बसून बघत राहिली, त्यामुळे एकही कुंडी सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गाडी निघाली. पुढे कानसेन आणि मेहुणा, मागे शिवणबाई, तिच्या मांडीवर घड्या घातलेले पडदे आणि शेजारी ते लोखंडी धूड. ओझं, ऊन आणि आता चढ, पुस्तकात छापलेलं सगळं एकाच वेळी जमून आलं होतं. कानसेनांनी घरूनच ठरवलं होतं की कान नाही तर नाही, डोळे वापरायचे. आतला आरसा त्यांनी असा वळवला की मागचा रस्ता अर्धा आणि बायकोचं तोंड पूर्ण दिसावं. डावा डोळा मेहुण्यावर. दोघांपैकी कोणी जरा दचकलं की समजायचं.

पहिली वळणं बिनबोभाट गेली. मेहुणा दुकानातल्या गमती सांगत होता आणि कानसेनांना त्यातली एकही कळली नाही. पुढे रस्ता एकदम उभा झाला. इंजिनाला धाप लागली. आणि मेहुणा बोलता बोलता थांबला. त्याने मान तिरकी केली, एक बोट वर धरलं आणि डोळे बारीक केले.

आला, कानसेनांना वाटलं.

"आला!" ते ओरडले. "ऐकलास? ठोका! टक टक टक. म्हणून बोंबलत होतो साधं घालू नकोस म्हणून."

मेहुण्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे जरा हलले. "मला तर काही ऐकू येत नाही बुवा," तो म्हणाला. "ताई, तुला येतंय का काही?"

कानसेनांनी आरशात पाहिलं. शिवणबाई त्यांच्या मानेकडे, पांढऱ्या केसांकडे बघत होती.

"येतंय की," ती म्हणाली. "बारीक आहे, पण येतंय. अहो, खालचा गिअर टाका."

कानसेनांनी गिअर टाकला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता. उरलेला चढ त्यांनी शीळ घालत काढला. त्यांचा सूर चुकत होता, पण ते त्यांना आता कळण्यासारखं नव्हतं.

वर मुलीचं घर छोटं आणि उजेडाचं. मशीन खिडकीखाली बसलं, चहा झाला, शिवणबाई पडद्यांना आकडे लावायला लागली. मेहुण्याने चहा संपेपर्यंत कसाबसा धीर धरला. मग कप खाली ठेवून तो उभाच राहिला.

"आता ऐका सगळ्यांनी. टाकीत साधं नाहीच! काल मी स्वतःच्या हाताने प्रीमियम भरलं. काठोकाठ प्रीमियम! आणि भाऊजींना ठोका ऐकू आला. टक टक टक!" त्याला हसू आवरेना. "मी नुसती मान वाकडी केली हो, आणि यांना आवाज आला! अहो कानसेन, हेच म्हणत होतो मी. फरक-बिरक काही नसतो, सगळा मनाचा खेळ."

मुलगीही हसली. बाबांची फजिती तिला लहानपणापासून आवडायची. कानसेनांचे कान मात्र तापून लाल झाले. तरी एकीकडे त्यांच्या मनात येत होतं की फारसं काही बिघडलं नाही. भास झाला म्हणायचं, हसून सोडून द्यायचं. कान शाबूत, फक्त पेट्रोलची बाजू हरलो. हे पचण्यासारखं होतं.

पण मेहुणा थांबायला तयार नव्हता. त्याला नवं गिऱ्हाईक सापडलं होतं.

"भाऊजींचं जाऊ द्या. ताई, तू गं? तू तर म्हणे सरळ बोलणारी! नवऱ्याने ठोका म्हटला की हिलाही ठोका! उद्या ते म्हणतील गाडी गाते, तर ही म्हणेल हो, सुरात गाते. कॉलनीत सांगतो थांब. तुझी गिऱ्हाइकं आता पडद्याचं माप दुसरीकडून तपासून घेतील."

शिवणबाई हसली. "असू दे रे," म्हणाली, "झाला मलाही भास." ती खाली मान घालून आकडे लावत राहिली, पण आकडा उलटा बसला. तिने तो काढला आणि पुन्हा उलटाच बसवला.

कानसेन तिच्या हाताकडे बघत होते. त्या हाताने कधी आकडा उलटा लावलेला त्यांनी पाहिला नव्हता. गाडीच्या टाकीत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. पण तिला आवाज आला नव्हता, कारण आवाज नव्हताच. म्हणजे ती खोटं बोलली होती. जी बाई गिऱ्हाइकाला दुखवते पण खोटं बोलत नाही, ती त्यांच्यासाठी बोलली होती आणि आता निमूट हसून घेत होती. कानसेनांना ते सहन झालं नाही. स्वतःची अब्रू जाण्याची भीती त्यांना अजून होती, पण हिची जाताना बघत बसायचं त्यांच्याने होईना.

"गप्प बैस," ते मेहुण्याला म्हणाले. "तिला भास झाला नाही. मलाही नाही झाला. मला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकू येत नाही. बारीक आवाज गेलेत. घड्याळ ऐकू येत नाही, ठोका ऐकू येत नाही. तू मान वाकडी केलीस म्हणून मला वाटलं आला असणार. तुझी बहीण माझी लाज राखत होती. तिच्या मापाला नावं ठेवू नकोस."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायलाही विसरलं होतं. मुलीने बापाच्या दंडावर हात ठेवला. "बाबा, कधीपासून?" कानसेनांनी नुसते खांदे उडवले.

मग मेहुणा त्यांच्या अगदी कानाशी आला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "भाऊजी! मला! काय! माहीत! मी! गंमत! केली!"

"अरे हळू! बहिरा नाही झालो मी, बारीक आवाज गेलेत म्हटलं ना! तू काय बारीक आहेस?"

त्यावर पहिली हसली ती शिवणबाई, मग मुलगी, मग मेहुणा, आणि त्याचे डोळे हसता हसता भरून आले. तो आपल्या पोटाचा घेर धरून म्हणाला, "नाही, तसा मी ठळकच आहे."

पडदे टांगताना शिवणबाई स्टुलावर उभी होती आणि कानसेन स्टूल धरून. बाकीची दोघं बाहेर होती.

"तुला माहीत होतं," कानसेन म्हणाले.

"माझं मशीन हिवाळाभर कुरकुरत होतं. पूर्वी दोन टाके घालायच्या आत तुम्ही आतल्या खोलीतून ओरडायचात, तेल घाल म्हणून. यंदा काही बोलला नाहीत. मी मुद्दाम तेल घातलं नाही, वाट बघितली. कान किटले माझे त्या आवाजाने."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. तुमची गोष्ट होती ती." तिने वरून हात पुढे केला. "आकडा द्या. आणि हे बघा, आज खोटं बोलले ते बोलले, पुन्हा मागू नका. मला जमत नाही. त्या वळणापासून पोट दुखतंय माझं."

कानसेनांनी आकडा दिला. त्यांना भरून आलं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. इतकी वर्षं अख्ख्या जगाच्या गाड्यांची कुरकुर ऐकली आणि शेजारच्या खोलीत ही बाई हिवाळाभर कुरकुर सोसत बसली होती. स्टूल मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं.

पुढे कानाचे डॉक्टर झाले. डेपोतल्या हातोड्यांनी आणि पत्र्यांनी बारीक आवाज कायमचे खाल्लेत, ते परत यायचे नाहीत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि कानात घालायचं यंत्र दिलं. यंत्राने नातेवाइकांचं बोलणं छान ऐकू येऊ लागलं, काही वेळा नको इतकं. पण बॉनेटवर वाकलं की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा गोंधळ व्हायचा, म्हणून इंजिनापाशी ते यंत्र काढून खिशात ठेवायचे.

पेट्रोलचा निकाल मात्र बाकी होता आणि तो लावायला मेहुणाच हटून बसला. अपराध्यासारखं वाटत होतं त्याला. टाकी रिकामी होत आल्यावर तिघं मिळून पंपावर गेले, साधं पेट्रोल भरताना तिघांनी नळीकडे डोळे लावले, आणि मशीनच्या वजनाच्या बदली मेहुण्याने मागे फरशीची खोकी रचली. या खेपेला पुढे शिवणबाई बसली आणि मेहुणा खोक्यांशेजारी अंग चोरून. ऊन तसंच, चढ तोच.

"काही येत नाही," शिवणबाई पहिल्या वळणावर म्हणाली. दुसऱ्यावरही तेच. रस्ता उभा झाला तशी तिने पदर सावरला आणि कान पुढे केला. "थांबा. हां, आता. बटणांचा डबा हलवल्यासारखं."

"पाय दाबला की वाढतंय?"

"वाढतंय."

"आता सोडतो."

"गेलं."

"परत दाबतो."

"आलं! अहो, आलं!"

"हाच तो," कानसेन म्हणाले. त्यांना स्वतःला काडीचंही ऐकू आलं नव्हतं आणि तरी त्यांचा चेहरा खुलला होता. मागून मेहुणा ओरडला, "हो की! मलाही येतंय! टकटकतंय साफ! भाऊजी, गिअर उतरवा, फुटेल की काय!"

तेव्हापासून गावात साधं आणि डोंगर चढायचा असेल तर प्रीमियम, असा तह झाला. 'घातल्यास बरे' म्हणजे नेमकं हेच, असं मेहुणा आता लोकांना समजावून सांगतो, जणू ते वाक्य त्यानेच छापलं होतं. सोनेरी पट्टीची खोकी त्याने बंद केली असंही म्हणतात. खरं-खोटं त्याची गिऱ्हाइकं जाणोत.

रविवारचं काय करायचं हा प्रश्न कानसेनांनी बरेच दिवस टाळला. खुर्ची आत, फाटक बंद. बरं नाही, गावाला गेलोय, असं काहीबाही सांगून लोकांना परत पाठवायचे. एका रविवारी शिवणबाईनेच दोन खुर्च्या बाहेर नेऊन मांडल्या, फाटक सताड उघडलं आणि त्यातल्या एका खुर्चीवर स्वतः बसली.

"या की," ती म्हणाली. "चढावर जमलं ते अंगणात नाही का जमणार?"

कानसेन घुटमळत बाहेर आले. तेवढ्यात एक टॅक्सी येऊन थांबली. टॅक्सीवाला नवा होता, कुणीतरी पत्ता दिला म्हणून आलेला. त्याने आधी कानसेनांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा कानसेनांकडे.

"गाडी ऐकून सांगतात ते तुम्हीच ना?"

कानसेनांनी आपली खुर्ची जरा मागे ओढली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती काही बोलणार नव्हती. खोटं तर नाहीच.

"मला ऐकू येत नाही," कानसेन म्हणाले. "ही ऐकते आणि मला सांगते. मग बिघाड काय ते मी सांगतो. चालेल?"

घड्याळाच्या त्या दिवसापासून या वाक्याला ते भीत होते. ते ऐकल्यावर माणूस काय करेल याच्या शंभर कल्पना त्यांनी करून ठेवल्या होत्या.

"बरं," टॅक्सीवाला म्हणाला. "मग बॉनेट उघडू का?"